चितोडचा वेढा आणि साष्टीचा सौदा



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे आपण रोज घेतो ती स्टेशनांची नावे म्हणून. ही सगळी एकाच बेटावरची गावे आहेत, हे लोकलच्या गर्दीत कुणाला आठवत नाही. त्या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असे जुने लोक सांगतात. खाडीच्या दक्षिणेला मुंबई, उत्तरेला साष्टी आणि मध्ये पाणी. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, माहीमचा १८४५ साली. त्याआधी या तीरावरून त्या तीरावर जायचे तर होडीच करावी लागे.

मुंबई पोर्तुगीजांनी इंग्रजांना आंदण म्हणून दिली, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचा, कॅथरीनचा, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि त्या करारात मुंबई गेली. पण साष्टी गेली नाही. इंग्रजांनी मागून पाहिली, वाद घातला. पोर्तुगीजांनी दिली नाही. मग प्रश्न असा पडतो, की जी साष्टी पोर्तुगीज सोडायला तयार नव्हते, ती मुळात त्यांच्याकडे आली कशी? त्यांनी ती लढून जिंकली का? थोडी लढाई झाली खरी. पण अखेरीस ती त्यांना लिहून दिली गेली. २३ डिसेंबर १५३४ रोजी, एका पोर्तुगीज जहाजावर. लिहून देणारा होता गुजरातचा सुलतान बहादुरशहा, आणि त्याचे सारे लक्ष त्या वेळी इथून शेकडो मैल दूर, चितोडच्या तटाकडे लागले होते.

मी इतिहासाचा पंडित नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण आपण राहतो त्या जमिनीची खाती कुणाच्या भांडणात फिरली, हे जाणून घेण्याचा हक्क कवीलाही आहे. म्हणून आज या सुलतानाची गोष्ट सांगायची आहे.

त्याचा काळ डोळ्यांपुढे यावा म्हणून एक ओळखीचे नाव घेतो. इंग्लंडचा आठवा हेन्री. सहा लग्ने केलेला राजा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याला लग्नांइतकाच सोस होता युद्धांचा. १५०९ साली सतराव्या वर्षी तो गादीवर आला आणि चार वर्षांत फ्रान्सवर चालून गेला. दोन शहरे घेतली. तो तिकडे असताना स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स इंग्लंडवर चढून आला आणि ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणात मारला गेला. हा जेम्स हेन्रीचा सख्खा मेहुणा, त्याच्या बहिणीचा नवरा. पुढची तीस वर्षे हेन्रीने असाच खेळ मांडला. आज फ्रान्सशी तह, उद्या फ्रान्सशी युद्ध. एका हाताने स्कॉटलंडशी सोयरीक मागायची आणि दुसऱ्या हाताने एडिंबरो जाळायचे. त्या काळात राजाने राजासारखे वागायचे म्हणजे शेजाऱ्याच्या उरावर बसायचे, अशीच समजूत होती. ती समजूत लंडनला होती, तशीच चांपानेरलाही होती.

बहादुरशहा हा दुसऱ्या मुजफ्फरशहाचा मुलगा. बापाशी आणि थोरल्या भावाशी न पटल्याने तो गुजरात सोडून गेला. या परागंदा दिवसांत त्याला पहिला आसरा मिळाला तो चितोडला, राणा सांगाकडे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याच चितोडला त्याने दोनदा वेढा घातला. तिथून तो दिल्लीला इब्राहिम लोदीकडे गेला. एप्रिल १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने लोदीला मारले, तेव्हा हा तरुण शहजादा तिथेच, पण लढाईत न उतरता बाजूला होता. त्याच महिन्यात बाप वारला. थोरला भाऊ सिकंदर गादीवर बसला आणि काही आठवड्यांतच सरदारांच्या कटात मारला गेला. बहादुर वेगाने परतला आणि १५२६ च्या पावसाळ्यात सुलतान झाला.

गुजरात तेव्हा हिंदुस्थानातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक. खंबायत, दीव, सुरत ही बंदरे. तांबड्या समुद्राशी, मलाक्क्याशी चालणारा व्यापार. आपला माहीम, ठाणे, वसई हा किनाराही याच राज्याचा दक्षिण कोपरा होता. माहीमसाठी गुजरात आणि बहमनी सुलतान शंभर वर्षांपूर्वीच एकमेकांशी लढले होते. अशा राज्याच्या तिजोरीवर बसल्यावर तरुण राजाला काय सुचणार?

त्याने दख्खनपासून सुरुवात केली. वऱ्हाडचा इमादशहा आणि खानदेशचा मीरान मुहंमद अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाविरुद्ध मदत मागायला आले. मीरान तर बहादुरशहाचा भाचाच. १५२८ साली गुजरातची फौज घाट चढून आली, दौलताबादला वेढा पडला, आणि शेवटी निजामशहाला आपल्या मुलखात बहादुरशहाच्या नावाने खुतबा वाचायला लागला. शुक्रवारच्या नमाजात राजाच्या नावाचा उच्चार म्हणजे त्या काळी सार्वभौमत्वाची खूण. एका मुसलमान राजाने दुसऱ्या मुसलमान राजाच्या मशिदीत आपले नाव घ्यायला लावले, असा हा विजय.

मग पाळी माळव्याची. माळव्याचा सुलतान महमूद खलजी. याला त्याचे गेलेले राज्य परत मिळवून दिले होते ते बहादुरशहाच्या बापाने. पण महमूदने बहादुरशहाच्या एका भावाला आश्रय दिला आणि एवढे कारण पुरले. मार्च १५३१ मध्ये मांडू पडले. महमूदला चांपानेरला नेत असताना वाटेत दोहदजवळ तो मारला गेला आणि माळवा गुजरातला जोडला गेला. बापाने वाचवलेले राज्य मुलाने गिळले. १५३२ साली रायसेनचा किल्ला घेतला. त्यानंतर चितोड. १५३३ मध्ये पहिला वेढा उठला तो मोठी खंडणी घेऊन.

एवढे विजय मिळवणाऱ्या राजाचे समुद्राकडे लक्ष नव्हते का? अगदीच नव्हते असे नाही. फेब्रुवारी १५३१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या मोठे आरमार घेऊन दीववर चालून आला, तेव्हा मुस्तफा रूमीखान या तुर्क तोफखान्याच्या सरदाराने त्याला पिटाळून लावले. पण समुद्रावरच्या लढाया हा व्यापाऱ्यांचा मामला, राजाच्या इभ्रतीशी त्याचा संबंध नाही, अशी बहादुरशहाची धारणा होती असे सांगतात. आणि त्याची कृती तशीच दिसते. दीववर हार खाल्लेल्या पोर्तुगीजांनी मग किनाऱ्यावर राग काढला. ठाणे, वांद्रे, माहीम या पट्ट्यात जाळपोळ झाली. जानेवारी १५३३ मध्ये त्यांनी वसईवर हल्ला केला, तिथल्या गुजराती सरदाराचा पराभव केला, तटबंदी पाडली, गाव जाळले. सुलतानाच्या मोठ्या फौजा तेव्हा मेवाडात होत्या. इथले कोळी, भंडारी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान यांची घरे जळत होती, आणि त्यांच्याकडून घेतलेल्या महसुलावर चालणारी तोफ चितोडच्या तटावर रोखलेली होती.

आता हुमायून. बाबराचा हा मुलगा आग्र्याच्या गादीवर होता. त्याचा मेहुणा मुहंमद जमान मिर्झा बंड करून पळाला आणि बहादुरशहाच्या आश्रयाला आला. हुमायूनने त्याला परत मागितले. बहादुरशहाने नकार दिला, वर लोदी घराण्यातल्या असंतुष्टांना पैसा देऊन मोगल मुलखावर सोडले. ती फौज १५३४ च्या अखेरीस उधळली गेली आणि हुमायून स्वतः निघाला. म्हणजे एकीकडे चितोडचा दुसरा वेढा, दुसरीकडे मोगल, तिसरीकडे समुद्रावर पोर्तुगीज. तीन तोंडांची लढाई कुणालाच झेपत नाही. त्याला एक तोंड बंद करायचे होते. त्यातल्या त्यात स्वस्त वाटले ते समुद्राचे.

म्हणून डिसेंबर १५३४ चा तह. वसई, तिचा मुलूख, बेटे आणि समुद्र पोर्तुगालच्या राजाला. त्यात आपली साष्टी आली, मुंबईही आली. पुढची कलमे तर याहून जड होती. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून परवाना घेऊन निघायचे आणि परतताना वसईला येऊन जकात भरायची. गुजरातच्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधायची नाहीत. तुर्कांशी सख्य करायचे नाही. ज्या व्यापारावर हे राज्य श्रीमंत झाले होते, त्याची किल्लीच दुसऱ्याच्या कमरेला लटकली.

या तहात एक लहानसे कलम आहे, त्याच्याशी मी नेहमी थबकतो. वसईच्या उत्पन्नातून तिथल्या मशिदींसाठी पाच हजार लारीन दिले जात. ते पूर्वीप्रमाणे देत राहावे. आणि अशेरी व कोहोज या दोन गडांवरच्या शिबंदीला ठरलेली रक्कम मिळत राहावी. मुलूख देताना राजाला एवढी आठवण होती. मशिदींच्या दिवाबत्तीची आठवण झाली, गडावरच्या शिपायांची झाली. गावात राहणाऱ्या माणसांबद्दल मात्र, त्यांची जमीन, त्यांचा देव, त्यांचा धंदा यांची हमी त्याने मागितली नाही.

एवढे देऊन मिळाले काय? ८ मार्च १५३५ रोजी चितोड पडले. राणी कर्णावतीसह स्त्रियांनी जोहार केला. विजय म्हणावा तर राखेचा. आणि तोही जेमतेम दीड महिना टिकला. हुमायून चितोड पडेपर्यंत वाटेत थांबला होता. आता तो पुढे सरकला. मंदसोरला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. रूमीखानाच्या सल्ल्याने बहादुरशहाने गाड्या आणि तोफा यांचे कडे करून छावणी टाकली. मोगलांनी बाहेरून रसद तोडली आणि तेच कडे सापळा झाले. एप्रिलमध्ये एका रात्री सुलतान मोजक्या माणसांनिशी छावणी सोडून पळाला. ज्या रूमीखानाच्या तोफांवर त्याची भिस्त होती, तो हुमायूनला जाऊन मिळाला. चितोड त्याला देण्याचे वचन सुलतानाने मोडले होते. मांडू, चांपानेर, खंबायत करीत बहादुरशहा दीवला येऊन थांबला, कारण पुढे फक्त समुद्र होता. समुद्र तर त्याने आधीच देऊन टाकला होता.

ऑक्टोबर १५३५ मध्ये मदतीच्या आशेने त्याने पोर्तुगीजांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला. मोगल परतले ते आपल्याच भाऊबंदकीमुळे. १५३६ साली बहादुरशहाला गुजरात परत मिळाले. तेव्हा त्याला दीवचा किल्ला खुपू लागला. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो नुनो द कुन्याला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत दीवच्या पाण्यात मारला गेला. दगा कुणी केला, यावर पोर्तुगीज आणि फारसी बखरकारांचे एकमत नाही. समुद्रावरची लढाई राजाच्या इभ्रतीची नव्हे असे मानणाऱ्या राजाला मरण आले ते समुद्रावरच.

हिशेब मांडू या. माळवा दोन-चार वर्षांत हातचा गेला. चितोड पुन्हा सिसोदियांकडे गेले. निजामशहा आपल्या जागी राहिला. १५७२-७३ मध्ये अकबराने गुजरातच जिंकले. म्हणजे तलवारीने घेतलेले काहीच टिकले नाही. त्या तलवारीपायी जे देऊन टाकले, ते मात्र टिकले. साष्टी दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे राहिली. दीव तर डिसेंबर १९६१ पर्यंत.

हेन्रीचा हिशेब काही वेगळा नाही. १५४४ साली त्याने फ्रान्सचे बुलोन शहर घेतले. सहा वर्षांत त्याच्या वारसाला ते पैसे घेऊन परत करावे लागले. युद्धखर्चासाठी मठांच्या जमिनी विकल्या, चांदीच्या नाण्यांत तांबे मिसळले. नाणे झिजले की राजाच्या नाकावर तांबूस रंग दिसे आणि लोक त्याला तांबडनाक्या म्हणत. आणि गंमत बघा, हेन्रीचा वंश १६०३ साली खुंटला. गादीवर आला तो फ्लॉडनला मारल्या गेलेल्या स्कॉटिश राजाचा वंशज. मुंबई आंदण मिळवणारा दुसरा चार्ल्स त्याचाच नातू. ज्यांना मोडायचे म्हणून आयुष्य घालवले, राज्य त्यांचेच झाले.

आता एक जरा अवघड गोष्ट बोलतो. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला अधूनमधून कुणीतरी विचारते, कधी थट्टेने, कधी थट्टा न करता, की 'तुमच्या' बहादुरशहाने चितोडला काय केले? जोहाराच्या आगीचे दुःख मला परके नाही. त्याचे समर्थन करणारा शब्द माझ्या लेखणीतून येणार नाही. पण 'तुमच्या' हा शब्द मला तपासून घ्यावासा वाटतो. या राजाने माळव्याच्या मुसलमान सुलतानाचे राज्य बुडवले, अहमदनगरच्या मुसलमान सुलतानाला वाकवले, त्याला अखेर पळवून लावले ते मुसलमान बादशहाने, आणि फितूर झाला तो त्याचा मुसलमान तोफप्रमुख. चितोडला तो शरणार्थी म्हणून राहिला होता आणि तिथेच वैरी म्हणून गेला. यात धर्माचा हिशेब लावू पाहणाऱ्याची बेरीज चुकते.

कर्णावतीने हुमायूनला राखी पाठवली, ही कथा आपल्या सर्वांना आवडते. मलाही आवडते. पण समकालीन फारसी इतिहासकारांकडे ती आढळत नाही; ती घरोघरी पोचली ती मुख्यतः कर्नल टॉडच्या १८२९ साली निघालेल्या ग्रंथामुळे. हुमायून चितोडला वेळेवर पोचला नाही, हे मात्र खरे. बहादुरशहाला 'आक्रमक धर्मवीर' आणि हुमायूनला 'भाऊ' करणाऱ्या दोन्ही गोष्टी आपण आपल्या सोयीने रचल्या. राजे आपल्या सोयीने वागत होते. बहादुरशहा माझा असेल तर तो साष्टीतल्या ज्या मुसलमान कोळ्याचे, विणकराचे घर जळले, त्याचाही असायला हवा होता. तो त्याचा झाला नाही.

साष्टीचे पुढे काय झाले, ते आपण रोज ओलांडून जातो. बोरिवलीच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यावर चर्च आणि मठ उभे राहिले. लेणे आहे, वरचे अवशेषही आहेत. अंधेरीला सीप्झच्या आवारात १५७९ साली जेझुइटांनी बांधलेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे ते सोडले गेले. गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, काही राजीने, काही सत्तेच्या रेट्याने. पण त्यांनी मराठी सोडली नाही. आज ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या समाजाच्या घरात आणि लग्नगीतांत ती अजून ऐकू येते. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीचा बहुतेक भाग घेतला, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. चार राजवटी बदलल्या. प्रत्येक वेळी कागद दुसरीकडेच कुठेतरी झाला.

भाषेने मात्र सगळ्यांकडून आपला महसूल वसूल केला. फौज, किल्ला, जमीन, महसूल हे शब्द आपल्याला फारसी-अरबीने दिले, तोफ तुर्कांनी. पगार, चावी, बटाटा, काजू, अननस, पाव हे पोर्तुगीजांनी. हापूसच्या नावातही एक पोर्तुगीज लपलेला आहे. मराठीने हे शब्द घेताना कुणाला धर्म विचारला नाही. माझी कविता याच मराठीत होते. मुलुंडच्या चाळीतली, मरोळच्या गावठाणातली, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली माणसे याच मराठीत भांडतात आणि समेटही करतात.

आजही शेजाऱ्याला धडा शिकवण्याची भाषा कानावर पडते, तेव्हा ती ऐकताना बरे वाटते. राजाच्या काळी तर ती फारच बरी वाटत असणार. अशा वेळी मी मनाशी दोनच प्रश्न विचारतो. धडा शिकवायला निघालेल्या फौजेचा खर्च कोणत्या गावांवर पडणार आहे? आणि ती फौज दूर असताना घरच्या कोणत्या किनाऱ्यावर पाणी सोडले जाणार आहे? १५३४ साली साष्टीतल्या माणसांना हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे. त्या सोयीला आपण लोकशाही म्हणतो, आणि ती वापरली तरच उपयोगाची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)